तीन दारांचा कुत्रा

रविवार, 12 मे 2024

शेजारच्या शिरगावात आज लईराई देवीची जत्रा. आमची केळबाई तिची बहीण, त्यामुळे मुळगावातली निम्मी घरं सकाळपासूनच कुलुपात. टोकावरच्या घरचा टायगर पत्र्याच्या पडवीत साखळीला बांधलेला होता. अकराच्या सुमारास पत्रा असा तापला की खाली माणूस उभा राहू नये. पाण्याचं भांडं त्यानंच लाथाडलेलं. सोडून आणला आणि आमच्या विहिरीजवळ फणसाखाली बांधला.

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकणं हाच त्याचा मुख्य उपाय. त्याचं नेहमीचं तापमान 38 ते 39 अंश सेल्सिअस, म्हणजे आपल्याहून थोडं जास्तच. ते 41च्या पुढे गेलं की जिवाशी खेळ. धाप थांबत नाही, लाळ चिकट होते, हिरड्या लालभडक दिसतात, मागचे पाय लटपटतात. अशा वेळी सावलीत आणायचं, साधं पाणी पोटावर, काखेत आणि पायांवर ओतत राहायचं, वारा घालायचा आणि तसंच डॉक्टरकडे न्यायचं. तोंडात जबरदस्तीनं पाणी ओतायचं नाही, ते फुप्फुसात जातं. बंद मोटारीत तर पाच मिनिटंही ठेवायचं नाही. चपटं नाक असलेल्या पग वगैरे जातींना हा त्रास लवकर होतो. हल्ली वाड्यावर तीही हौस आली आहे.

वाड्यावरच्या मोकळ्या कुत्र्याला, पिवळ्याला, यातलं काहीच सांगावं लागत नाही. त्यानं केळीच्या आळ्यातली ओली माती उकरून पोट टेकलेलं. त्याला बांधणारं कुणी नाही. सकाळी आमच्याकडे भाकरी, दुपारी शेजारच्या मावशीकडे माशाचं डोकं, रात्री टोकावरच्या घरी पेज. तीन दारांत जेवतो. मालक विचारला तर तिन्ही घरं एकमेकांकडे बोट दाखवतात.

रविवार, 2 जून

पुरुमेताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, खरेदी उरकली. सुके बांगडे, खारं, मिरच्या, सोलं. डब्यांची झाकणं घट्ट लावून ठेवली, कारण आमच्या मनी मांजरीला सुक्या माशाचा वास लागला की ती कपाटाच्या वर पोचते. खारवलेला मासा मांजराला द्यायचा नाही. मिठाचा भार तिच्या मूत्रपिंडावर पडतो.

पावसाआधी घरच्या जनावरांची कार्डं पाहिली. पिल्लू सहा ते आठ आठवड्यांचं झालं की पार्वो, डिस्टेंपर वगैरेंची एकत्रित लस, आणि ती चार महिन्यांचं होईपर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं पुन्हा. रेबीजची लस तीन महिन्यांनंतर, मग डॉक्टर सांगतील तशी बूस्टर आणि पुढे दरवर्षी. जंताचं औषध लहानपणी दर पंधरा दिवसांनी, मोठेपणी साधारण तीन महिन्यांनी. पिल्लाला लशींचा क्रम पूर्ण होईपर्यंत रस्त्यावर सोडायचं नाही. पार्वोचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो. रक्ताचे जुलाब आणि उलट्या सुरू झाल्या की धडधाकट पिल्लूही दोन-तीन दिवसांत हातचं जातं.

सकाळी पाववाला पोदेर पों-पों करत आला आणि पिवळा नेहमीप्रमाणे त्याच्या सायकलीमागे धावला. पोदेर पाय वर घेऊन हसत म्हणाला, "मालकाक सांग रे तुज्या!" पोदेराला दात लागला तर दवाखान्यात कुणी न्यायचं, हा प्रश्न मी मावशीला विचारला. तिनं बांगडे मोजणं चालू ठेवलं.

शनिवार, 15 जून

पाऊस स्थिरावला. कुंपणाच्या रानातून टायगर आला तो कानांत गोचिडी घेऊनच. कानाच्या आतली बाजू, बोटांच्या बेचक्या, मान आणि शेपटीचं मूळ ही त्यांची ठिकाणं. चिमट्यानं कातडीला अगदी लागून पकडायची आणि सरळ ओढायची. पिळायची नाही, काडीनं चटका द्यायचा नाही, रॉकेल ओतायचं नाही. उघड्या बोटांनी चिरडायची तर मुळीच नाही. गोचिडीमुळे कुत्र्याला ताप येतो, खाणं सुटतं, हिरड्या पांढुरक्या पडतात, कधी नाकातून रक्त येतं. यातलं एकही दिसलं तर रक्त तपासून घ्यावं. वेळेत कळलं तर बरं होणारं दुखणं आहे.

आपल्या बाजूच्या सत्तरीत 2015 पासून माकडतापानं माणसं गेली. तोही गोचिडीमुळेच पसरतो. म्हणून काजूच्या रानातून आलेल्या कुत्र्याचं अंग चाचपल्याशिवाय त्याला घरात घेऊ नये.

टोकावरच्या वहिनी कुत्र्याच्या मानेवर टाकायच्या थेंबांतले उरलेले मनीला लावायला घेऊन आल्या. डबी हातात घेऊन वाचली. त्यात पर्मेथ्रिन होतं. कुत्र्याला चालणारं हे औषध मांजराला झटके आणतं आणि मारतंही. घरात दोन्ही असतील तर मांजरासाठी वेगळं औषध आणायचं, आणि कुत्र्याला थेंब घातल्यावर ते सुकेपर्यंत मांजराला त्याच्या अंगावर लोळू द्यायचं नाही.

रविवार, 7 जुलै

दोन दिवस धो-धो. इथल्या खाणी 2012 साली थांबल्या, मग सुरू झाल्या, 2018 साली पुन्हा थांबल्या. खड्डे मात्र जागचे हलले नाहीत. पावसात ते भरतात, कडा निसरड्या होतात. आत उतरलेला कुत्रा पोहत राहतो, पण त्याला वर येता येत नाही. त्या बाजूला फिरवायला नेताना पट्टा हातातच हवा. विहिरीवर जाळी असावी, ती मांजरासाठीही आणि मुलांसाठीही.

साचलेल्या पाण्यात उंदराचं मूत मिसळतं आणि लेप्टो होतो, कुत्र्याला आणि माणसालाही. त्याची लस कुत्र्यांच्या एकत्रित लशींत बहुधा असते, पण कार्डावर नीट पाहून घ्यावं. गढूळ पाणी पिऊ देऊ नये. फिरून आल्यावर त्याचे पाय धुवावेत, आपल्या पायावर जखम असेल तर आपलेही.

उंदरांसाठी शेतात आणि माळ्यावर विष ठेवण्याचे हेच दिवस. सगळी विषं तिथल्या तिथे मारत नाहीत. काहींनी रक्त गोठण्याचीच क्रिया बंद पडते आणि कुत्रा तीन-चार दिवसांनी कोसळतो. विष खाल्लेला उंदीर खाणाऱ्या मांजरालाही तोच धोका. शंका आली तर विषाचं पाकीट घेऊनच डॉक्टरकडे जायचं. मीठ-पाणी पाजून ओकवायच्या भानगडीत पडायचं नाही.

सापाचंही तेच. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चौघंही आपल्याकडे आहेत. कुत्रा सापावर भुंकत पुढे जातो, म्हणून त्याला नाकावर किंवा पायावर दंश होतो. चिरायचं नाही, आवळून बांधायचं नाही, चालवायचं नाही. उचलून न्यायचं. माणसाला देतात तेच सर्पविषावरचं प्रतिविष कुत्र्यालाही चालतं. जवळपास ते कुठे मिळेल, हे आज फोन करून विचारून ठेवलं. साप निघाल्यावर विचारत बसायला वेळ नसतो.

रविवार, 21 जुलै

मनी दोन दिवस जेवत नव्हती. मावशी पदरात अर्धी क्रोसिन घेऊन आली. "पोराला देतात, मग हिला का नाही?" देऊ दिली नाही. मांजराच्या यकृताला पॅरासिटामॉल निकामी करता येत नाही. रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद जाते, हिरड्या तपकिरी पडतात, तोंड सुजतं. एक गोळी मांजराचा जीव घ्यायला पुरे. ब्रुफेनसारख्या गोळ्या कुत्र्याच्याही पोटात व्रण करतात. डिचोलीच्या डॉक्टरांनी मनीचा दात तपासला. हिरडीत माशाचा काटा अडकला होता.

मावशीला एक यादी हवी होती, ती तिच्या फ्रीजवर लावली. कांदा-लसूण कच्चा असो की हुमणात शिजलेला, दोघांनाही नाही. त्यानं रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. द्राक्षं आणि बेदाणे नाहीत. चॉकलेट नाही. साखरेऐवजी झायलिटॉल घातलेलं च्युइंग गम नाही. शिजलेलं कोंबडीचं हाड नाही, त्याच्या चिरफळ्या आतड्यात रुततात. मोठ्या मांजराला दूध नाही, बहुतेकांना त्यानं जुलाब होतात. पाणी मात्र भरपूर. दारातली कण्हेर आणि फुलदाणीतली लिली मांजरापासून दूर. लिलीचा परागकणही मांजराचं मूत्रपिंड बंद पाडतो.

यादी वाचून मावशी म्हणाली, "म्हणजे मायेनं देतो तेच सगळं वाईट." बरंचसं तसंच आहे.

रविवार, 18 ऑगस्ट

पहाटे वरच्या वाड्यावर आरडाओरडा. बिबटा पडवीतून कुत्रा घेऊन गेला. बिबट्याला गावात आणतात ते मोकळे कुत्रे आणि उघड्यावरचं खरकटं. साखळीला बांधलेला कुत्रा तर त्याच्यासाठी ताटात वाढल्यासारखा. रात्री जनावर दाराच्या आत हवं, निदान चारी बाजूंनी बंद पिंजऱ्यात. मासळीची आतडी कुंपणापलीकडे फेकणं बंद करायचं, आणि पडवीतला दिवा चालू ठेवायचा.

टायगर आता आत झोपतो. पिवळ्यासाठी वहिनींनी लाकडं ठेवायची खोली उघडली, मावशीनं गोणपाट दिलं. तरी "आमचा" म्हणायला अजून कुणी तयार नाही.

शनिवार, 7 सप्टेंबर

गणपतीची चवथ. माटोळी बांधून झाली, पाव्हणे आले, फाटक दिवसभर सताड उघडं. फटाक्यांना घाबरून कुत्रा बाहेर पडतो आणि रस्त्यावर गाडीखाली येतो. आरतीच्या वेळी टायगर आणि मनीला मागच्या खोलीत ठेवलं, पंखा आणि रेडिओ चालू, खिडकी बंद. टायगरच्या पट्ट्यावर फोन नंबर लिहिलेला. पाव्हण्यांच्या पोरांना ताकीद दिली: बेदाणे घातलेला शिरा कुत्र्याच्या तोंडात नाही, आणि तो जेवताना जवळ जायचं नाही. पावसात पाव्हण्यांच्या मोटारींच्या बॉनेटखाली उबेला मांजरं जाऊन बसतात, म्हणून निघताना प्रत्येकाला बॉनेटवर दोन थापा मारायला लावल्या. एक मांजर खरंच निघालं.

शनिवार, 28 सप्टेंबर

आज जागतिक रेबीज दिवस. लुई पाश्चर 1895 साली याच तारखेला गेले. आमच्याकडे तो योगायोगानंच साजरा झाला. वहिनींच्या नातवानं वळचणीखालचं भटकं पिल्लू उचललं आणि पिल्लाच्या आईनं त्याच्या हातावर दात रोवले. वहिनी हळदीच्या डब्याकडे धावल्या, मी पोराला नळाकडे नेलं. वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवायचं, तेही घड्याळ लावून. पोर रडलं तरी थांबायचं नाही. हळद, चुना, मिरची काही नाही. मग आरोग्य केंद्र.

रेबीजची लस स्नायूत द्यायची असेल तर 0, 3, 7, 14 आणि 28 व्या दिवशी. कातडीत द्यायची तर 0, 3, 7 आणि 28. रक्त आलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही देतात. चावणारं कुत्रं-मांजर दहा दिवस डोळ्यांखाली ठेवायचं, पण म्हणून लस लांबवायची नाही. एकदा लक्षणं दिसली की जवळजवळ कुणीच वाचत नाही. त्याआधी मात्र हा रोग पूर्ण टाळता येतो.

गोव्यानं हे करून दाखवलं आहे. सरकार आणि 'मिशन रेबीज' ही संस्था यांनी जाळी घेऊन गल्लोगल्ली कुत्रे पकडले, टोचले, अंगावर रंगाची खूण केली आणि सोडले. शाळाशाळांत मुलांना शिकवलं. 2018, 2019 आणि 2020 या वर्षांत राज्यात रेबीजनं एकही माणूस दगावल्याची नोंद नाही. 2021 साली गोवा देशातलं पहिलं 'रेबीज नियंत्रित' राज्य जाहीर झालं. सूत्र साधं: दहापैकी सात कुत्र्यांना लस असेल तर रोगाची साखळी तुटते. पण ते सात दरवर्षी मोजायचे असतात. जुनी मरतात, नवी पिल्लं येतात, आणि शेजारच्या राज्यातल्या कुत्र्याला पत्रादेवीचा चेकनाका कळत नाही. तीन दारांत जेवणारा पिवळा या सातांत आहे की उरलेल्या तिघांत, हे आम्हा तिघांपैकी एकालाही सांगता आलं नाही.

रविवार, 6 ऑक्टोबर

वाड्यावर लसीकरणाची गाडी येणार हे कळलं होतं. जाळीची गरज पडली नाही. पिवळ्याला पावाचा तुकडा दाखवला, पोदेरानंच धरला. सुई टोचली तेव्हा त्यानं फक्त मागे वळून पाहिलं.

नंतर कार्ड लिहायची वेळ आली. कुत्र्याचं नाव विचारल्यावर आमच्याकडून पिवळा, वहिनींकडून राजा, मावशीकडून बाबू, अशी तीन उत्तरं एकदम. मालकाच्या नावाला मात्र सगळे गप्प. शेवटी मावशी म्हणाली, "घाल माझं. पण जंताचं औषध आणि ऑपरेशन तुम्ही दोघांनी करायचं, आणि पंचायतीत नोंदवायचं काय ते पण. मासळीचं डोकं माझ्याकडे."

वाटणी मान्य झाली. नसबंदीची तारीख डॉक्टरांना विचारून घ्यायची आहे. ती झाली की त्याचं लांबवर भटकणं आणि मारामाऱ्या कमी होतील. मनीला पिल्लं झाली आहेत, ती पाच-सहा महिन्यांची झाली की त्यांचंही उरकायचं. जंताचं औषध जानेवारीत, रेबीजची लस पुढच्या ऑक्टोबरात. दोन्ही तारखा तिन्ही घरांच्या कालनिर्णयवर लिहून आलो. पोदेरानं उद्यापासून एक पाव जास्त ठेवायचं कबूल केलं आहे, पैसे मावशीच्या खात्यावर.