पल्प, सामान्य जन आणि आम्ही

आवडत्या गाण्याशी माणसाचे नाते थोडे लबाडीचे असते. गाण्यात एक 'मी' असतो आणि एक 'तू' असतो. ऐकणारा कुणाचीही परवानगी न घेता त्यातल्या 'मी'च्या जागेवर जाऊन बसतो. इंग्लंडमधील शेफील्डच्या 'पल्प' या बँडचे 'कॉमन पीपल' हे गाणे आम्ही कित्येक वर्षे असेच ऐकले. आपण भलत्याच जागी बसलो आहोत हे ध्यानात यायला बराच काळ जावा लागला. ती हकीकत सांगण्यापूर्वी या बँडची कारकीर्द जरा तपशिलात सांगितली पाहिजे. ती ठाऊक नसेल तर त्या गाण्यातला राग कुठून आला हे उमगत नाही.

१९७८ साली पंधरा वर्षांच्या जार्व्हिस कॉकरने एका शाळासोबत्याला हाताशी धरून हा बँड काढला. नाव सुचले ते अर्थशास्त्राच्या तासाला, कॉफीच्या एका बाजारी नावावरून. बँडने कपडे कोणते घालावेत, संगीताचे जग कसे पादाक्रांत करावे, याची सविस्तर योजना या मुलाने शाळेच्या वहीत लिहून ठेवली होती. पोटमाळ्यावर जपून राहिलेल्या अशा चीजवस्तूंवर त्याने पुढे 'गुड पॉप, बॅड पॉप' हे पुस्तक लिहिले. ते २०२२ साली प्रसिद्ध झाले. १९८१ साली त्याने आपली ध्वनिफीत जॉन पील या विख्यात रेडिओ निवेदकाच्या हाती दिली आणि त्याच वर्षी बीबीसीसाठी या पोरांचे ध्वनिमुद्रण झाले. आता आपले नाव झालेच, असे त्यांना वाटले असल्यास नवल नाही.

प्रत्यक्षात पुढे बारा-तेरा वर्षे फारसे काहीच घडले नाही. सोबती उच्च शिक्षणासाठी पांगले. कॉकर मागे राहिला आणि नवे सोबती गोळा करू लागला. १९८३ साली 'इट' आणि १९८७ साली 'फ्रीक्स' हे आल्बम आले आणि विरून गेले. १९८९ साली ध्वनिमुद्रित झालेला 'सेपरेशन्स' बाजारात यायला १९९२ साल उजाडले. १९८५ साली एका मुलीवर छाप पाडण्यासाठी स्पायडरमॅनसारखे खिडकीबाहेर लटकण्याच्या नादात कॉकर खाली कोसळला आणि काही काळ त्याला चाकांच्या खुर्चीत बसून कार्यक्रम करावे लागले. कीबोर्ड वाजवणाऱ्या कँडिडा डॉइलला तर ऐन तारुण्यातच संधिवाताने गाठले होते. भोवतालचे शेफील्डही त्याच सुमारास खचत होते. पोलादाचे कारखाने बंद पडत होते. १९८४-८५ मध्ये खाणकामगारांचा वर्षभराचा संप होऊन मोडला. गिटार आणि व्हायोलिन वाजवणारा रसेल सीनियर त्या संपकऱ्यांच्या बाजूने उभा राहिला होता.

या काळाचे वर्णन करताना 'संघर्षाची वर्षे' असा शब्दप्रयोग करण्याचा मोह होतो. आपल्याकडे यशोगाथांचा एक ठरीव साचा आहे: आधी हालअपेष्टा, मग चिकाटी, शेवटी हारतुरे. त्या साच्यात 'पल्प' सहज बसवता येईल. पण मग एक साधी गोष्ट नजरेआड होते. ही मंडळी इतकी वर्षे तग धरू शकली ती केवळ चिकाटीवर नव्हे. बेकारभत्ता मिळत होता, म्हणून निदान उपासमार होत नव्हती. १९८८ साली पंचविशीतल्या कॉकरने लंडनच्या सेंट मार्टिन्स महाविद्यालयात चित्रपटकलेसाठी प्रवेश घेतला, तेव्हा ब्रिटिश विद्यार्थ्यांना शिक्षणशुल्क भरावे लागत नसे. ते १९९८ पासून सुरू झाले. अपयशी माणसाला दहा-बारा वर्षे अपयशी राहू देण्याइतकी सवड त्या समाजात तेव्हा होती. या रिकामपणात कॉकरने एकच गोष्ट केली: तो पाहत राहिला. भाड्याच्या खोल्या, शनिवार रात्रीचे उसने अवसान, शेजारच्या घरातले पडदे, बसमधली माणसे. त्याच्या गाण्यांतला सगळा ऐवज या पाहण्यातून आलेला आहे.

सेंट मार्टिन्समध्येच त्याला एक ग्रीक विद्यार्थिनी भेटली. लंडनच्या हॅकनी भागात राहायला जावे आणि सामान्य माणसांसारखे जगून पाहावे, अशी तिची मनीषा होती. ही गोष्ट कॉकरच्या मनात काही वर्षे घोळत राहिली आणि मग एका जुन्या, स्वस्तातल्या कॅसिओ कीबोर्डवर सुचलेल्या चालीला येऊन चिकटली. मे १९९५ मध्ये 'कॉमन पीपल' बाजारात आले आणि ब्रिटनच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर पोहोचले. जूनमध्ये ग्लास्टनबरीच्या महोत्सवात 'स्टोन रोझेस' हा बँड येणार होता. त्यांचा गिटारवादक सायकलवरून पडून जायबंदी झाला आणि ऐनवेळी 'पल्प'ला बोलावणे गेले. २४ जूनच्या त्या रात्री समोरचा अफाट जमाव हे गाणे त्यांच्याबरोबर म्हणू लागला. बँडच्या स्थापनेला तेव्हा सतरा वर्षे झाली होती.

गाण्याचा आशय थोडक्यात असा की, गरिबी हा वेश नव्हे. खोली भाड्याने घेता येईल, केस कापता येतील, कुठल्या दुकानात नोकरीही धरता येईल. पण ज्याच्यापाशी परतीचा रस्ता आहे, त्याला ते जगणे कधीच कळणार नाही, कारण त्या जगण्याचा गाभाच मुळी परतीचा रस्ता नसण्यात आहे. गाणे सुरुवातीला मिस्कील वाटते, कडव्याकडव्याने तापत जाते आणि अखेरीस त्याला दातओठ फुटतात. बोलणारा स्वतःही तेव्हा लंडनच्या कलामहाविद्यालयात होता, हे विसरता कामा नये. तो पूर्णपणे आतला उरला नव्हता आणि बाहेरचा झाला नव्हता. त्या रागात थोडा स्वतःवरचाही राग असावा, असे आम्हाला वाटते.

आता आमची हकीकत. २००४ च्या शरदात आम्ही एका वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी पुण्याहून शेफील्डला गेलो. शॅरो भागात एक ओल आलेली खोली घेतली आणि शनिवार-रविवार एका टेकअवेच्या स्वयंपाकघरात भांडी घासण्याचे काम धरले. पैशांची तशी निकड नव्हती. वडील बँकेत अधिकारी होते आणि पैसे वेळेवर येत होते. पण घरी पाठवलेल्या पत्रांतून आम्ही आपल्या फुटलेल्या हातांचे वर्णन बऱ्यापैकी रंगवून करीत असू. एका रात्री रेडिओवर हे गाणे लागले आणि आम्ही हातातली कढई वाजवत मोठ्याने गाऊ लागलो. शेजारी पन्नाशीतला एक स्थानिक गृहस्थ काम करीत असे. गाणे संपेपर्यंत तो काही बोलला नाही. मग त्याने विचारले, "तुझे वडील काय करतात?" आम्ही सांगितले. त्याने मान डोलावली आणि तो पुन्हा तव्याकडे वळला.

त्या प्रश्नात कुत्सितपणा होता का, हे आजही सांगता येत नाही. पण त्या रात्री खोलीवर परतताना आम्हाला पुण्यातले कॉलेजचे दिवस आठवले. 'गोलपिठा' वाचून भारावलेले आम्ही तिघे मित्र एका रविवारी मुंबईला गेलो होतो. कामाठीपुऱ्यातून एक संध्याकाळ हिंडलो, चहा प्यालो, शेवटची गाडी पकडून परतलो आणि आठवडाभरात तिघांनीही त्या 'अनुभवा'वर कविता लिहिल्या. नामदेव ढसाळ त्या वस्तीत राहिले होते. आम्ही ती पाहून आलो होतो. आमच्या कवितांमध्ये हा फरक कुठेही नव्हता, आणि त्या छापूनही आल्या.

यश मिळाल्यावर कॉकरलाही हाच प्रश्न वेगळ्या बाजूने भेटला असावा. 'डिफरंट क्लास' या आल्बमला १९९६ चे मर्क्युरी पारितोषिक मिळाले; बँडने त्याची रक्कम 'वॉर चाइल्ड' या संस्थेला देऊन टाकली. त्याच वर्षी ब्रिट पुरस्कारांच्या सोहळ्यात मायकेल जॅक्सनचे गाणे चालू असताना कॉकर मंचावर घुसला आणि वृत्तपत्रांचा विषय झाला. जो इतकी वर्षे पाहत होता, त्याच्याकडेच आता सगळे पाहू लागले. १९९७ मध्ये रसेल सीनियर बाहेर पडला. १९९८ चा 'धिस इज हार्डकोर' हा प्रसिद्धीच्या भोगाचा आणि त्याच्या किळसेचा आल्बम आहे. चाहत्यांना उत्सव हवा होता, त्यामुळे तो आधीच्याइतका खपला नाही. २००१ मध्ये स्कॉट वॉकरच्या देखरेखीखाली 'वी लव्ह लाइफ' झाला आणि डिसेंबर २००२ मध्ये शेफील्डलगतच्या रॉदरहॅम येथे कार्यक्रम करून बँड थांबला.

हा कार्यक्रम 'मॅग्ना' नावाच्या विज्ञानकेंद्रात झाला. ते पूर्वी पोलादाचा कारखाना होते. १९९३ साली कारखाना बंद पडला आणि २००१ मध्ये तिथे हे केंद्र उघडले. आम्ही ते तिकीट काढून पाहिले आहे. विजेच्या भट्टीत पोलाद कसे वितळत असे, याचा देखावा ठिणग्या, धूर आणि गडगडाटासह दाखवला जातो. मुले टाळ्या वाजवतात. आम्हीही वाजवल्या.

पुढे २०११ मध्ये बँड एकत्र आला, पुन्हा पांगला. २०२३ मध्ये नवा दौरा ठरलेला असतानाच, मार्च महिन्यात, बास वाजवणारा स्टीव्ह मॅकी वारला. दौरा तरीही झाला. जून २०२५ मध्ये, चोवीस वर्षांनंतर, 'मोअर' हा नवा आल्बम आला. तो मॅकीला अर्पण केलेला आहे आणि ब्रिटनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. त्याच महिन्यात भलत्याच नावाखाली हा बँड ग्लास्टनबरीच्या मंचावर अवतरला. एकसष्ट वर्षांच्या कॉकरने तीस वर्षांपूर्वीचे तेच गाणे पुन्हा म्हटले आणि समोरच्या गर्दीने तेही म्हटले. त्या गर्दीत परतीचा रस्ता असलेले कितीजण होते, याचा हिशेब कोण ठेवणार?

आम्हाला आता हे गाणे ऐकताना 'तू'च्या जागेवर बसावे लागते. ती जागा सुखाची नाही. पण तिथून गाणे अधिक नीट ऐकू येते, हेही खरे. राहून गेली ती एकच गोष्ट. त्या स्वयंपाकघरात आम्ही नऊ महिने त्या गृहस्थाच्या शेजारी उभे राहून काम केले. त्याचे वडील काय करीत होते, हे आम्ही त्याला कधीच विचारले नाही.