झिजणे, तगणे, रापणे

इंग्रजीतील ‘वेदर’ हे नाम हवामानाचे वाचक आहे, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. परंतु तेच रूप क्रियापद म्हणून येते तेव्हा त्याचे अर्थ विरुद्ध दिशांना पांगतात, आणि भूशास्त्रीय मजकूर मराठीत आणणाऱ्या अनुवादकाची खरी पंचाईत तेथून सुरू होते. खडक ‘वेदर’ होतो म्हणजे ऊन, पाऊस व हवा यांच्यामुळे तो जागच्या जागी खिळखिळा होतो. जहाज वादळ ‘वेदर’ करते म्हणजे त्यातून सुखरूप बाहेर पडते. कोणीतरी हवामानाच्या तोंडी सापडले आहे, एवढेच या दोन वाक्यांत समान आहे. ते अखेर उरले की संपले, हे क्रियापद स्वतःहून सांगत नाही. इतर व्यवसायांनीही या क्रियापदाला आपापल्या सोयीने वाकवले आहे. वाऱ्याकडच्या अंगाने भूशिराला वळसा घालून जाणे, पाळलेल्या ससाण्याला उघड्या हवेत बसवणे, पावसाचे पाणी निथळावे म्हणून खिडकीच्या तळाला बाहेरून ढाळ देणे, या सर्व क्रियांना इंग्रजीत हेच एक क्रियापद लागते. मराठीत त्या प्रत्येकीसाठी वेगळा शब्द योजावा लागतो आणि त्यात फारसे अवघड काही नाही. अवघड आहे तो केवळ खडक.

या अडचणीचे रूप बालाघाट जिल्ह्यातील तिरोडीइतके उघडपणे क्वचितच दिसत असेल. मध्य प्रदेशात असलेले हे मँगनीजच्या खाणीचे गाव महाराष्ट्राच्या सीमेला लागून आहे आणि भंडारा जिल्ह्यातील तुमसरशी रेल्वेच्या फाट्याने जोडलेले आहे. मध्य भारतातील मँगनीजधारक खडकांच्या पट्ट्याला भूशास्त्रात सौसर समूह म्हणतात, आणि त्यालगत आढळणाऱ्या, कृष्णाभ्रकाचे म्हणजे काळ्या अभ्रकाचे पट्टे असलेल्या जुन्या पट्टिताश्माला ‘तिरोडी नाइस’ असे या गावाचेच नाव मिळाले आहे. अशा खडकात विहीर खणली तर वरून खाली आधी माती, मग मुरूम, मग कच्चा खडक आणि शेवटी पक्का खडक लागतो. फेल्स्पार या खनिजाची चिकणमाती होते, काळे अभ्रक तपकिरी पडते आणि गारेचे दाणे तेवढे जसेच्या तसे राहतात. विहीर खणणाऱ्या माणसाने या उतरंडीला दिलेली नावे अचूक आहेत, कारण खडक किती बदलला याची पायरी त्या प्रत्येक नावात नोंदलेली आहे.

तथापि याच पट्ट्यातील गोंडाइट हा खडक निराळे वागतो. गारा आणि स्पेसर्टाइन, म्हणजे मँगनीजयुक्त गार्नेट, यांच्या या खडकाला भूशास्त्रज्ञ फर्मर यांनी गोंड जमातीवरून नाव दिले, आणि 1909 साली प्रसिद्ध झालेल्या भारतातील मँगनीज निक्षेपांवरील त्यांच्या बृहद्ग्रंथात त्याची सविस्तर चर्चा आहे. अवतीभवतीचे मऊ खडक नाहीसे झाले की असा चिवट थर कण्यासारखा वर उरतो, आणि इंग्रजी भूशास्त्रज्ञ त्याही थराविषयी तेच क्रियापद वापरून तो ‘वेदर’ होऊन बाहेर आला असे लिहितो. म्हणजे एकाच परिच्छेदात शेजारचा खडक या क्रियापदाने मातीला मिळतो आणि गोंडाइट त्याच क्रियापदाने उभा राहतो.

याहून बिकट असा तिसरा प्रकार मँगनीजच्या खनिजांत दिसतो. ऱ्होडोनाइट या गुलाबी सिलिकेटाचा उघड्यावर पडून राहिलेला गोटा बाहेरून कोळशासारखा काळा असतो आणि हाताळला तर बोटे काळी करतो. हातोडीने फोडला की कडेला काळी साल, तिच्या आत तपकिरी कडा आणि मध्यभागी ताजा गुलाबी गाभा असे तिन्ही रंग एकाच तुकड्यात दिसतात. पावसाच्या पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनमुळे मँगनीजचे काळे ऑक्साइड बनते आणि सिलिका पाण्याबरोबर निघून जाते. त्यामुळे जो भाग ‘वेदर’ झाला त्यात मँगनीजचे प्रमाण वाढते, म्हणजे त्याचा कस चढतो. तेव्हा नष्ट होणे, टिकणे आणि कसदार होणे या तिन्ही गती एकाच क्रियापदात आहेत, आणि मराठी वाक्य मात्र त्यांपैकी एक निवडल्याखेरीज पुरे होत नाही.

उपलब्ध पर्यायांपैकी कोणताही सर्वत्र लागू पडत नाही. ‘झिजणे’ यात पदार्थ घासून जाणे अभिप्रेत असल्याने ते क्षरणाकडे, म्हणजे वारा व पाणी यांनी सुटा माल वाहून नेण्याकडे, झुकते. जागच्या जागी होणारा बदल त्यात मावत नाही. ‘विदारण’ या शब्दात फाडण्याचा अर्थ असल्याने तापून तडकणाऱ्या खडकाला तो शोभतो, पण चिकणमाती होणाऱ्या फेल्स्पारला शोभत नाही. ‘अपक्षय’ यात ऱ्हास गृहीत धरलेला आहे, जो कस चढलेल्या मँगनीजला लावणे विपरीत ठरते. ‘वातावरणक्रिया’ हा शब्द निःपक्षपाती आहे, परंतु त्याचे क्रियापद होत नाही. ‘रापणे’ हे क्रियापद उन्हावाऱ्यात काळवंडलेल्या आणि राठ झालेल्या चेहऱ्यासाठी चपखल आहे. काळी साल धरलेल्या ऱ्होडोनाइटला ते इतके जवळचे वाटते की शास्त्रीय मजकुरात ते वापरण्याचा मोह प्रस्तुत लेखकाला वारंवार होतो.

1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्य पुनर्रचना झाली तेव्हा विदर्भाचे मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. तिरोडीतील हिंदी माध्यमाचा विद्यार्थी म्हणूनच ‘अपक्षय’ शिकतो आणि तुमसरचा मराठी माध्यमातील विद्यार्थी ‘विदारण’ शिकतो; घरी मात्र दोघेही मुरूमच म्हणतात. या परिसरातील एका विद्यार्थिनीने अभ्यासासाठी केलेल्या अनुवादात नाइस ‘कच्चा पडला’, गोंडाइट ‘तगला’ आणि ऱ्होडोनाइट ‘काळा चढला’ असे लिहिले, आणि त्या वाचनानंतर या क्रियापदाविषयीची प्रस्तुत लेखकाची कामाची पद्धत बदलली. याउलट ‘विदारित’ हा शब्द लेखनाला विद्वत्तेचे वजन देतो. ते वजन आपल्या नावाला चिकटावे अशी हाव प्रस्तुत लेखकाला होती आणि ती अजून पुरती गेलेली नाही. स्वतः घडवलेला एखादा संस्कृत शब्द दुसऱ्याच्या पुस्तकात दिसल्यावर होणारा आनंद खडक नीट समजल्याच्या आनंदापेक्षा मोठा असतो, हेही येथे लपवण्याचे कारण नाही.

मराठी शास्त्रीय गद्याचे खरे नुकसान नामांच्या दुष्काळाने झालेले नाही, ते क्रियापदे टाकून दिल्याने झाले आहे. खडक तडकतो, त्याचे पापुद्रे सुटतात, तो फुगतो, गंजतो, विरघळतो, त्याचा भुगा होतो. पण आजच्या पाठ्यपुस्तकी गद्यात या सर्वांच्या जागी खडकाचे ‘विदारण होते’ एवढेच उरते. कोशकारांची एका संज्ञेला एकच प्रतिशब्द देण्याची शिस्त नामांपुरती योग्य आहे, कारण नामे समित्या ठरवतात आणि समित्याच रद्द करतात. उदाहरणार्थ, 1938 साली भूशास्त्रज्ञ डन व रॉय यांनी तिरोडीवरूनच एका अँफिबोल खनिजाला ‘टिरोडाइट’ हे नाव दिले आणि 1997 च्या अँफिबोल गटाच्या नामकरणात ते गळले. क्रियापदांवर समित्यांचा असा अंमल चालत नाही, आणि ‘वेदर’पुढे एकच शब्द छापून मोकळे होणारे शब्दसंग्रह अनुवादकाची दिशाभूल करतात. यंत्रानुवादाच्या आधाराने काम करणाऱ्यांची पिढी तर खडक बघण्याचीही गरज मानत नाही, आणि ही हलगर्जी घातक आहे.

म्हणून परिभाषा कोश रचणाऱ्यांना असे आग्रहाचे सांगणे आहे की, नामाच्या नोंदीत ‘विदारण’ खुशाल ठेवावे. पण क्रियापदाची नोंद स्वतंत्र करावी, तिच्याखाली काय गेले, काय उरले आणि कशाचा कस वाढला याप्रमाणे वेगळी क्रियापदे द्यावीत, प्रत्येकाला एक पूर्ण वाक्य जोडावे, आणि ती वाक्ये लिहिण्यापूर्वी विहीर खणणाऱ्यांना व खाणीत राबणाऱ्यांना विचारावे.