अर्धी खरवडलेली तार

माझी मराठी चांगली म्हणून मला विज्ञानाचे तास मिळाले. हसू नका. मालेगावच्या आमच्या उर्दू शाळेत विज्ञान शिक्षकाची जागा रिकामी होती. मुख्याध्यापक म्हणाले, "आपा, परिपत्रकं मराठीत, प्रशिक्षण मराठीत. आप ही संभाल लो." बी.एड.ला माझे विषय उर्दू आणि मराठी. विज्ञान केव्हाच सुटलं होतं.

आठवीचं पुस्तक उघडलं तर शब्द ओळखीचे निघाले. गुरुत्वाकर्षण म्हणजे कशिश-ए-सिक़्ल. कशिश म्हणजे ओढ, सिक़्ल म्हणजे भार. दोन्ही भाषांनी एकच शब्द आपापल्या मातीत घडवलेला. प्रकाशसंश्लेषण म्हणजे ज़ियाई तालीफ़. तालीफ़ हा शब्द आम्ही पुस्तक संकलित करण्यासाठी वापरतो. इथे पान उजेडातून अन्न संकलित करतं! मी यावर दोन तास बोलले. मुली आदबीनं ऐकत राहिल्या. लूमवर काम करणाऱ्यांच्या या मुलींच्या घरी ना हा शब्द, ना तो. मक़नातीससुद्धा कुणी म्हणत नाही, चुंबकच म्हणतात.

सरकारी मदत नाही असं नाही. अटल टिंकरिंग लॅबची योजना २०१६ पासून आहे. सहावी ते बारावीच्या मुलांसाठी २० लाखांपर्यंत अनुदान, त्यातून थ्रीडी प्रिंटर, सेन्सर, रोबोटिक्सचं सामान. पण अर्जात १५०० चौरस फूट जागा मागितलेली. आमच्याकडे तेवढ्यात तीन वर्ग भरतात. ज्या एका शाळेला ही लॅब मिळाली ती मी पाहून आले. प्रिंटरवरचं प्लॅस्टिक तसंच होतं. तुटला तर भरून कोण देणार, म्हणून कुलूप.

आणि आमचं काय वेगळं आहे? दर विज्ञान दिनी इब्न अल-हैसमवर भाषण ठरलेलं. हजार वर्षांपूर्वी त्यांनी अंधाऱ्या खोलीत छिद्रातून येणाऱ्या उजेडाचा अभ्यास केला, हे मुलींना तोंडपाठ. पण पुठ्ठ्याच्या खोक्याला टाचणीनं भोक पाडून पलीकडचं उलटं चित्र पाहिलेली एकही नव्हती. मीही नव्हते.

मग अरविंद गुप्तांच्या खेळण्यांकडे वळले. आयआयटी कानपूरचे इंजिनिअर. पुण्याला टेल्कोत नोकरी करताना रजा घेऊन १९७८ मध्ये होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले आणि काडेपेटीच्या काड्या नि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब जोडून खेळणी करू लागले. तो कार्यक्रम १९७२ मध्ये मध्य प्रदेशातल्या १६ शाळांत सुरू झाला होता. मुलांनी प्रयोग आधी करायचा, निष्कर्ष स्वतः काढायचा. सरकारने तो २००२ मध्ये बंद केला. गुप्तांची पुस्तकं आणि व्हिडिओ मात्र फुकट मिळतात, मराठीतही. मी ते पाहून रात्री वहीत उर्दूत उतरवून घ्यायचे.

त्यातली मोटर आम्ही केली. एक मोठा सेल, दोन सेफ्टी पिना, ट्यूबचा कापलेला रबर, एक चुंबक आणि तांब्याची तार. तार आमच्या गावात विकत घ्यावी लागत नाही. लूमच्या मोटरी भरणाऱ्या वाइंडिंगवाल्या चाचांनी मूठभर दिली. तारेचं वेटोळं करायचं, दोन टोकं पिनांच्या नाकात अडकवायची. एका टोकावरचं वार्निश पूर्ण खरवडायचं, दुसऱ्याचं अर्ध्याच बाजूचं. एका मुलीनं दोन्ही टोकं साफ केली, तर वेटोळं थरथरून अडकलं. तिनं तार बदलली, पुन्हा खरवडली, आणि ओरडली, "आपा, आधा छोड़ो तो घूमता है! पूरा छीलो तो वापस खींच लेता है!" यापेक्षा बरोबर उत्तर नाही. अर्ध्या फेरीनंतर तोच प्रवाह वेटोळ्याला उलट ढकलतो; तेवढ्या वेळापुरती वीज तुटली की ते आपल्या वेगानंच पुढे निघून जातं.

तालुक्याच्या प्रदर्शनात तिला घेऊन गेले. आठवडाभर तिच्याकडून मराठी व्याख्या घोटून घेतली होती. परीक्षकांनी व्याख्या विचारलीच नाही. मोटर फिरताना पाहिली, खूश झाले आणि म्हणाले, "हे एक टोक अर्धंच का गं खरवडलंस?" ती माझ्याकडे बघत राहिली. मी लगेच तोंड उघडलं आणि शुद्ध मराठीत सगळं सांगून टाकलं. ते हसून म्हणाले, "मॅडम, छान. पण मी तिला विचारलं होतं." आणि पुढच्या टेबलाकडे गेले.

परतताना बसमध्ये ती हळूच म्हणाली, "आपा, वो तो मुझे मालूम था. लफ़्ज़ नहीं मिला."

शब्द तिच्याकडे होते, आधा आणि पूरा. ते चालणार नाहीत असं तिला मीच आठवडाभर शिकवलं होतं. बी.एड.च्या पाठांत मातृभाषेतून शिक्षण यावर मी पानंच्या पानं लिहिली आहेत, चांगले गुणही मिळाले होते.

आता प्रयोग झाला की आधी घरच्या बोलीत सांगायचं, ब्लेड हातात घेऊन सांगितलं तरी चालेल. उर्दू शब्द नंतर, मराठी त्याच्या शेजारी, इंग्रजी शेवटी. याला वेळ लागतो. अभ्यासक्रम मागे पडतो, त्यावरून मी बोलणी खाल्ली आहेत.

गेल्या महिन्यात त्याच मुलीनं विचारलं, "आपा, अब्बा के लूम की मोटर में तो कुछ भी आधा छीला हुआ नहीं रहता. वो कैसे घूमती है?" मला उत्तर येत नव्हतं. तसं सांगितलं आणि शाळा सुटल्यावर दोघी चाचांच्या दुकानात गेलो. त्यांनी एक जळालेली मोटर उघडली. वाइंडिंग सगळं बाहेरच्या स्थिर भागात. आतल्या फिरणाऱ्या भागाला कुठूनही एक तार जोडलेली नाही. चाचा म्हणाले, घरी येणारी वीज स्वतःच सारखी दिशा बदलते. ती उकिडवी बसून तो गुळगुळीत लोखंडी गोळा हातानं फिरवत होती, पुन्हा पुन्हा. मग म्हणाली, "लेकिन चाचा, इसको तो करंट पहुँच ही नहीं रहा."

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. मी चाचांकडे.