उंच आहे, बॅकला टाक

कोल्हापुरात शालेय संघाच्या निवडीच्या दिवशी मैदानाच्या कडेला उभं राहिलं, की हे वाक्य हमखास कानावर पडतं. उंच पोरगा बॅकला, बुटका आणि चपळ विंगला, जोरात किक मारणारा सेंटर फॉरवर्ड आणि पळायला कंटाळणारा गोलात. वय अकरा नाहीतर बारा. त्यानंतरची पाच-सहा वर्षं तो त्याच जागेवर खेळतो, कारण सगळे त्याला तिथलाच समजतात. मी लहान वयोगटांचा प्रशिक्षक आहे आणि माझं सगळ्यात मोठं भांडण या एका वाक्याशी आहे.

तेराव्या वर्षी दोन मुलांच्या जन्मदाखल्यावर साल एकच असतं, पण हाडांच्या वाढीचा हिशेब केला तर त्यांच्यात तीन-चार वर्षांचं अंतर असू शकतं. शिवाय वयोगट १ जानेवारीपासून मोजला जातो, म्हणजे जानेवारीत जन्मलेला मुलगा डिसेंबरवाल्यापेक्षा जवळजवळ वर्षभराने मोठा असूनही दोघं एकाच गटात येतात. अशा लवकर वाढलेल्या पोराला बॅकला ठेवलं की उंच चेंडूवर डोकं लावायचं, नाहीतर चेंडू लांब भिरकावायचा, एवढ्यावर त्याचं भागतं. संघ जिंकतो. सोळाव्या वर्षी बाकीची पोरं त्याच्या उंचीला पोचतात, आणि तेव्हा लक्षात येतं की पाठीवर प्रतिस्पर्धी असताना चेंडू घेऊन वळायचं कसं, हे या मुलाला कुणी शिकवलेलंच नाही. ते शिकायचं सोपं वय तोवर निघून गेलेलं असतं.

आता फॉर्मेशनबद्दल. ४-३-३ म्हटलं की चार मागे, तीन मध्ये, तीन पुढे. पण हे चित्र सामना सुरू होताना उभं असतं तेवढंच. चेंडू आपल्याकडे आला की ते बदलतं, गेला की पुन्हा बदलतं. २०२३ साली मँचेस्टर सिटीने एका मोसमात तीन मोठ्या स्पर्धा जिंकल्या, तेव्हा त्यांचा सेंटर बॅक जॉन स्टोन्स चेंडू मिळताच पुढे सरकून मधल्या फळीत खेळायचा. मागे तीन, त्यांच्यापुढे दोन, बाकीचे पाच हल्ल्यावर. गंमत अशी, की १९२५ मध्ये ऑफसाइडचा नियम बदलल्यावर हर्बर्ट चॅपमन यांनी आर्सेनलमध्ये जी डब्ल्यू-एम रचना रुजवली, तिचा सांगाडा जवळपास हाच होता. स्टोन्सचा जन्म १९९४चा. तो बारा वर्षांचा होता तेव्हा इंग्लंडमध्ये ४-४-२चा जोर होता आणि सेंटर बॅकने मधल्या फळीत जाऊन पास वाटावेत अशी अपेक्षा फार थोडे लोक करत. आज माझ्याकडे असलेला बारा वर्षांचा मुलगा दहा वर्षांनी मोठ्या संघात पोचेल, तेव्हा बॅककडून काय मागितलं जाईल हे मला आज सांगता येत नाही. मग त्याला फक्त आजच्या बॅकचं काम शिकवून कसं चालेल?

खेळाडूची ठरलेली जागा बदलण्याचं आपल्या देशातलं सगळ्यात तेजस्वी उदाहरण १९६२च्या जकार्ता आशियाई स्पर्धेतलं आहे. जर्नेल सिंग हा आशियातल्या अव्वल स्टॉपरपैकी एक. थायलंडविरुद्ध त्याच्या डोक्याला जखम झाली, टाके पडले. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी त्याला बाहेर न बसवता थेट सेंटर फॉरवर्ड केलं. उपांत्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामविरुद्ध त्याने गोल केला, अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाविरुद्धही केला, आणि भारताने २-१ असं सुवर्ण जिंकलं. रहीमसाहेबांना त्याच्यात स्टॉपरच्या पलीकडचा खेळाडू दिसला होता. लहान मुलांकडे असं पाहणं तर आणखी सोपं असायला हवं, कारण त्यांची जागा अजून ठरायची असते.

लवचिकता म्हणजे दर रविवारी नवी फॉर्मेशन, असा अर्थ कुणी काढला तर तोही मला मान्य नाही. या बाबतीत बेल्जियमचा अनुभव मी पुन्हा पुन्हा अभ्यासतो. २००० साली युरो स्पर्धेचे सहयजमान असूनही ते गटातच बाद झाले. त्यानंतर मिशेल साब्लोन यांच्या पुढाकाराने त्यांनी वयोगटांच्या फुटबॉलचा आराखडा नव्याने मांडला. पाच-पाचच्या खेळात गोलकीपर सोडून उरलेल्या चौघांचा एक डायमंड: एक मागे, दोन बाजूंना, एक पुढे. आठ-आठच्या खेळात तसेच दोन डायमंड, एकाचं टोक दुसऱ्याला जोडलेलं. आणि अकरा-अकरात ४-३-३. म्हणजे पोरगा मोठा होत जातो तसा आकार वाढतो, पण माझ्या डावीकडे कोण, उजवीकडे कोण, पुढे कोण, हे नातं तेच राहतं. अगदी लहान गटांच्या गुणतालिकाही त्यांनी बंद केल्या. क्लबांनी विरोध केला, आणि तो मी समजू शकतो. तालिका गेली की प्रशिक्षकाला दाखवायला काही उरत नाही.

पुढचं मला सगळ्यात मोलाचं वाटतं. २०१८च्या विश्वचषकात बेल्जियमचा मोठा संघ बचावात तिघांना घेऊन खेळत होता, ४-३-३ नव्हेच. आणि कझानमध्ये ब्राझीलविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यात प्रशिक्षक रॉबेर्तो मार्टिनेझ यांनी तेही मोडलं. बचावात चौघं, लुकाकू उजव्या बगलेला, डी ब्रुइने मध्यभागी सगळ्यात पुढे. बेल्जियम २-१ जिंकलं. त्या पिढीतले काही खेळाडू किशोरवयातच फ्रान्स आणि हॉलंडच्या क्लबांत गेले होते, त्यामुळे सगळं श्रेय त्या आराखड्याला देणं बरोबर नाही. पण लहानपणी एकच आकार नीट अंगी बाणवला तर मोठेपणी खेळाडू त्यात अडकतो, ही भीती मात्र त्या सामन्याने खोटी ठरवली. त्यांच्या अंगी अंतरं आणि कोन बाणले होते. आकडे बदलले तरी ते त्यांच्याबरोबर गेले.

म्हणून मी फॉर्मेशन निवडताना स्वतःला एकच विचारतो: ही रचना कुठल्या मुलाला कुठला पेच घालते? नऊ-नऊच्या खेळात मी ३-२-३ लावतो तेव्हा मधल्या दोघांवर सगळा भार येतो. चारी बाजूंनी माणसं असतात, त्यामुळे चेंडू येण्याआधी मान वळवून पाहावंच लागतं. गाइर योर्देट या नॉर्वेच्या संशोधकाने मिडफिल्डरांच्या चित्रफिती तपासून दाखवलं, की चेंडू मिळण्याआधी जे जास्त वेळा आजूबाजूला पाहतात त्यांचे पुढच्या दिशेचे पास जास्त यशस्वी होतात. ‘मान वर ठेव’ असं मी बाहेरून शंभरदा ओरडलो तरी जे होत नाही, ते या दोन जागा मुलाकडून करून घेतात. म्हणून माझा उंच बॅक या जागेवर खेळतोच. सुरुवातीला चेंडू गमावतो, गोल बसतात, त्याचे वडील माझ्याकडे बघतात.

अकरा-अकरा सुरू झाल्यावर पाया ४-३-३चा, पण मोसमाच्या मध्यात बराच काळ मी ४-४-२ खेळवतो. आज टीव्हीवर बहुतेक संघ एकाच स्ट्रायकरचे दिसतात, त्यामुळे आपल्या अकादम्यांमध्ये जोडीने खेळणं शिकवायचंच राहून जातं. एकाने चेंडूकडे धाव घ्यायची आणि त्याच क्षणी दुसऱ्याने बचावामागच्या मोकळ्या जागेत घुसायचं, ही समज दोघं शेजारी असल्याशिवाय येत नाही. मागे तिघं ठेवण्याचे धडे त्यानंतर, कारण तिथे बाजूच्या बॅकला मोठ्या मोकळ्या पट्ट्यात एकट्याने विंगरला अडवावं लागतं. बारा वर्षांपर्यंत गोलात आळीपाळीने सगळे उभे राहतात.

मर्यादाही आहेत. काही मुलं दर सामन्याला जागा बदलली की बावरतात आणि चेंडू मागणंच सोडून देतात. अशांची एक जागा पक्की ठेवून दुसरी हळूहळू द्यावी लागते. सतराव्या वर्षानंतर कसब एका जागेवर एकवटायलाच हवं. तेव्हाही ‘मी कुठेही खेळतो’ म्हणणारा मुलगा निवड चाचणीत कुणाच्या नजरेत भरत नाही.

खरी अडचण आपल्या स्पर्धांच्या रचनेत आहे. सुब्रतो कपची वाट असो की शालेय स्पर्धा, आधी जिल्हा, मग विभाग, मग राज्य, आणि सगळं बहुतांशी बाद पद्धतीने. एक सामना हरला की त्या स्पर्धेपुरतं वर्ष संपलं. अशा वेळी कुठला क्रीडाशिक्षक उंच पोराला मधल्या फळीत शिकायला सोडेल? मी त्यांना दोष देत नाही. त्यात आमच्याकडे पोरगं शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या तालीम संघांचे सामने बघत वाढतं. हजारो लोकांच्या त्या गर्दीत हरणं म्हणजे काय ते त्याला लहानपणीच कळतं. ती ईर्षा आमची ताकद आहे, ती घालवायची नाही. पण तेरा वर्षांखालच्या मुलांना तिच्या आधी भरपूर सामने हवेत, ज्यांत हरल्यावर पुढच्या रविवारी पुन्हा खेळायला मिळतं. एका शहरातल्या सहा-आठ शाळांची साखळी स्पर्धा भरवायला मैदान आणि पंच एवढंच लागतं. जिल्हा संघटनांनी हे मनावर घ्यावं, असं मी जिथे बोलावलं जातं तिथे सांगतो.

तोवर आम्ही काही प्रशिक्षक आपसात सामने ठरवतो, वीस-वीस मिनिटांच्या तीन भागांचे. पहिल्यात नेहमीची रचना. दुसऱ्यात बॅक आणि फॉरवर्ड जागा बदलतात. तिसऱ्यात रचना मुलंच ठरवतात आणि आम्ही बाहेर गप्प बसतो. सुरुवातीला सगळ्यांनाच फॉरवर्ड व्हायचं असतं, तीन-चार गोल खातात. मग कधीतरी एखादा मुलगा कोंडाळं करून विचारतो, ‘मी पुढं गेलो तर माझ्या जागेवर कोण येणार?’ तिथून पुढे त्यांचा वाद सुरू होतो, आणि तो मी मध्येच थांबवत नाही.