चौतीस मते

लोकशाही हा शब्द पाठ्यपुस्तकात फार मोठा वाटतो. मतदान केंद्राच्या रांगेत मात्र तो बोटाच्या टोकाएवढा होतो. 20 नोव्हेंबर 2024 रोजी मी विधानसभेसाठी पहिल्यांदा मत दिले. तर्जनीवर शाईची रेघ उमटली, निळे बटण दाबले, काचेआड चिठ्ठी सात सेकंद दिसली आणि पेटीत पडली. शिक्क्याच्या आणि घडी घातलेल्या कागदाच्या जमान्यातली माझी आजी त्या संध्याकाळी म्हणाली, "एका मतान काय होतला गो?"

आजीच्या प्रश्नाला आमच्याच तालुक्याने एकदा उत्तर दिले आहे. 2009 च्या विधानसभा निवडणुकीत आमच्या कणकवली मतदारसंघात प्रमोद जठार यांनी रवींद्र फाटक यांचा पराभव केला, तो केवळ 34 मतांनी! चौतीस माणसे म्हणजे किती? आमच्या वाडीतल्या गणपतीच्या आरतीला याहून अधिक जमतात. त्या दिवशी भातकापणीला गेलेले, एस. टी. चुकलेले, 'आपल्यावाचून काय अडले आहे' म्हणून ओटीवर बसून राहिलेले किती असतील, कोण जाणे!

पण वाचकहो, या गोष्टीला दुसरी बाजूही आहे. 2009 ची ती निवडणूक देवगडच्या नावाने झालेली नव्हती. त्याआधी सिंधुदुर्गात देवगड, मालवण, वेंगुर्ला आणि सावंतवाडी असे चार मतदारसंघ होते. 2001 च्या जनगणनेच्या आधारे पुनर्रचना झाली आणि कणकवली, कुडाळ, सावंतवाडी असे तीनच उरले. देवगड तालुका कणकवली व वैभववाडीबरोबर एका दावणीला बांधला गेला. राज्यातल्या जागा 288 च राहिल्या; आमच्याकडच्या कमी झाल्या, ठाण्याकडच्या वाढल्या. यात कुणाचे कपट नव्हते, साधा हिशेब होता. जागा माणसांच्या संख्येवर मिळतात, आणि आमची माणसे मुंबईच्या गाडीत बसून गेली होती. पुढे 2011 च्या जनगणनेत तर जिल्ह्याची लोकसंख्या 8,68,825 वरून 8,49,651 वर आली. देवगडच्या हापूसला जगात नाव आहे. पण आमदाराच्या पाटीवरून देवगडचे नाव पुसले गेले, ते आमच्या कुलूपबंद घरांमुळे. गणपतीत आणि शिमग्यात उघडणारे घर मतदारयादीत मोजले जात नाही.

राज्यशास्त्राच्या तासाला मला नेहमी एक शंका येते. ज्याला सर्वांत जास्त मते तो निवडून, ही आपली विधानसभेची रीत. चौतीस मतांनी हरलेल्याच्या पाठीशी जी हजारो मते उभी होती, त्यांचे काय? ती वाया गेली म्हणावीत काय? यावर वेगळी तोड आपल्याच विधान परिषदेत आहे. कोकण पदवीधर मतदारसंघात मतदार उमेदवारांपुढे 1, 2, 3 असे पसंतीक्रम लिहितात. वैध मतांच्या निम्म्याहून एक अधिक मत कुणालाच मिळाले नाही, तर तळाचा उमेदवार बाद होतो आणि त्याची मते पुढच्या पसंतीकडे जातात. पहिला हरला तरी आपला आवाज दुसऱ्याच्या पाठीशी उभा राहतो.

रशियात आणखी निराळी तऱ्हा दिसते. मॉस्को शहराच्या दूमात 2009 साली 35 जागांपैकी 17 मतदारसंघांतून आणि 18 पक्षांच्या याद्यांतून भरल्या. 2014 मध्ये जागा 45 केल्या आणि पक्षयाद्या काढून टाकून सर्व जागा मतदारसंघांना दिल्या. 2019 च्या निवडणुकीआधी मात्र अनेक विरोधी उमेदवारांचे अर्जच नाकारले गेले आणि लोक रस्त्यावर उतरले. पद्धत कितीही बदला. ज्याला मत द्यायचे त्याचे नावच पत्रिकेवर येऊ दिले नाही, तर मतदार काय करणार? आपल्याकडे 2013 पासून 'वरीलपैकी कोणीही नाही' असे म्हणण्याची सोयसुद्धा पत्रिकेवरच आहे. ती वापरावी की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण नकारालाही जागा आहे, हे थोडे नव्हे.

म्हणून मला वाटते, मत वाया जाते ते हरल्याने नव्हे. हरलेल्या मतांची बेरीजही आमदाराला दिसत असते, आणि चौतीसच्या फरकाने आलेल्याला तर ती झोपेतही दिसत असेल. मत खरे वाया जाते ते दिलेच नाही तर, किंवा देणारा माणूसच गावातून उठून गेला तर.

यंदा आमच्या वर्गातले बहुतेकजण बी. ए. होऊन बाहेर पडतील. पदवीधरांच्या यादीत नाव यायला पदवीनंतर तीन वर्षे जावी लागतात. शिवाय ती यादी दर निवडणुकीला नव्याने होते आणि अर्ज आपणच भरायचा असतो. नाव राहते ते जिथे माणूस राहतो तिथल्या यादीत. तीन वर्षांनी आमच्यापैकी किती नावे देवगडात असतील आणि किती मुंबईत? वर्गात नजर फिरवून मी मनाशी मोजून पाहते. आमच्या वर्गात चौतीसहून अधिक मुले आहेत.