सुतक न पाळलेला मुलगा

'ब्राइट लाइट्स, बिग सिटी' १ एप्रिल १९८८ रोजी अमेरिकेत लागला, तेव्हा बहुतेकांनी तो कोकेनवरचा सिनेमा म्हणून पाहिला. त्यात त्यांचा फार दोष नव्हता. सिनेमाभर जेमी कॉनवे नावाचा तरुण न्यू यॉर्कच्या नाइटक्लबांच्या स्वच्छतागृहांत जाऊन नाकाने पांढरी पूड ओढत असतो. टॅड अलगॅश नावाचा त्याचा मित्र त्याला एका पार्टीतून उचलून दुसरीकडे नेतो. कंटाळा सोडून जगातल्या कशाचीच टॅडला भीती नाही. दिवसा जेमी एका नावाजलेल्या साप्ताहिकात नोकरी करतो, आणि तीही आता जायच्या बेतात आहे. बायको अमांडा मॉडेल झाली, कामासाठी पॅरिसला गेली आणि परत येणार नाही असं तिने तिकडूनच फोनवर कळवलं. ऑफिसात त्याने ही गोष्टसुद्धा दडवून ठेवलेली आहे.

एवढं ऐकून कोणीही म्हणेल, बायको सोडून गेली म्हणून पोरगा वाया गेला. जेमीचाही तसाच समज आहे. दुकानाच्या काचेमागे अमांडाच्या चेहऱ्याचा पुतळा उभा असतो, तो पाहायला तो जातो. फॅशन शोमध्ये घुसून तमाशा करतो. अमांडा माणूस म्हणून उभीच राहत नाही अशी तक्रार या सिनेमाबद्दल नेहमी होते. फीबी केट्सच्या वाट्याला खरंच काही आलेलं नाही. पण मला वाटतं, जेमीपुरती ती तेवढीच होती. आपण कशाने मोडलो आहोत हे त्याला उच्चारता येत नव्हतं, म्हणून दुःखाच्या रकान्यात त्याने बायकोचं नाव भरून टाकलं. खरं नाव दुसरंच होतं. आईला जाऊन वर्ष होत आलेलं आहे. कॅन्सरने गेली. हे प्रेक्षकाला फार उशिरा कळतं, कारण जेमीही ते स्वतःला उशिराच कळू देतो.

ही गोष्ट मूळ जे मॅकिनर्नीच्या कादंबरीची. १९८४ साली ती थेट कागदी बांधणीत, स्वस्तात निघाली आणि हातोहात खपली. त्याआधी १९८२मध्ये तिचं बीज 'पॅरिस रिव्ह्यू'त कथा म्हणून आलं होतं. मॅकिनर्नी स्वतः काही काळ 'न्यू यॉर्कर'मध्ये नोकरीला होता, आणि ती नोकरी टिकली नाही. पुढे तो सिरॅक्यूज विद्यापीठात रेमंड कार्व्हरच्या हाताखाली शिकला. कमी शब्दांत घरगुती हानी लिहिणारा हा गुरू आणि रात्रभर जागणाऱ्या शहरावर लिहिणारा हा शिष्य, ही जोडी वरवर विजोड वाटते. पण कादंबरीतला आईचा भाग वाचला की गुरूकडून काय मिळालं ते दिसतं. संपूर्ण कादंबरी 'तू'ला उद्देशून आहे: तू असा, तू तिथे, तू हे केलंस. पुष्कळांना ती शैलीची करामत वाटली. मला त्यात 'मी' म्हणायला न धजणारा माणूस दिसतो. आपल्याच वागण्याकडे तो रस्त्यापलीकडून पाहतो आहे. पडद्यावर मात्र या 'तू'ची जागा एका चेहऱ्याला घ्यावी लागते, आणि तो चेहरा मायकेल जे. फॉक्सचा होता.

'फॅमिली टाइज' या मालिकेमुळे आणि १९८५च्या 'बॅक टू द फ्यूचर'मुळे फॉक्स घराघरातला लाडका झाला होता. असा गुणी चेहरा कोकेन ओढताना लोकांना पटेना. माझं मत उलट आहे. हा चेहरा नसता तर सिनेमा एका बेवड्याची कहाणी झाला असता. फॉक्सकडे पाहताना सारखं वाटत राहतं, की हा मुलगा कोणाचा तरी फार लाडका होता. कथेला नेमकं तेवढंच हवं होतं. जेमी अखेर ज्या विकीपाशी मोकळा होतो ती भूमिका ट्रेसी पोलनची. फॉक्सचं तिच्याशी त्याच वर्षी जुलैत लग्न झालं.

जेमीच्या नोकरीबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण माझ्या मते सिनेमाची खरी मेख तिथे आहे. लेख छापण्याआधी त्यातलं प्रत्येक नाव, तारीख, आकडा, गावाचं अंतर, मंत्र्याचं खातं खरं आहे का ते पाहणारा एक विभाग अमेरिकी साप्ताहिकांत असतो. तिथे शब्दाशब्दावर पेन्सिलीची खूण होते, कोश उघडले जातात, लोकांना फोन जातात. आपल्याकडे मुद्रितशोधक ऱ्हस्वदीर्घ पाहतो; हे लोक मजकूर पाहतात. 'न्यू यॉर्कर'मधला हा विभाग कसा आला याची हकिकत प्रसिद्ध आहे. १९२७ साली एड्ना सेंट व्हिन्सेंट मिले या कवयित्रीवर तिथे चुकांनी भरलेला लेख आला, तेव्हा कवयित्रीची आई संतापली, तिने खटल्याची धमकी दिली, आणि तेव्हापासून तपासणी कडक झाली. म्हणजे या सगळ्या खात्यामागे एका आईचा राग आहे. मॅकिनर्नीने हे मनात धरून लिहिलं असेल असं मी म्हणणार नाही, पण जुळून मात्र आलं आहे.

जेमीच्या टेबलावर फ्रान्सच्या निवडणुकांवरचा लेख येतो. आपल्याला फ्रेंच येतं अशी थाप त्याने नोकरीच्या अर्जात मारलेली, ती आता अंगाशी येते. क्लारा टिलिंगहॅस्ट ही त्याची वरिष्ठ फार करडी बाई आहे. लेख चुकांसकट पुढे जातो आणि नोकरी जाते. दुसऱ्यांच्या लेखांतलं खरंखोटं पाहण्याचा पगार घेणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या आयुष्यात एकच वाक्य खरं करून घ्यायचं राहिलं होतं: आई वारली. ते वाक्य तो कोणापुढे काढत नाही आणि त्यावर कोणी खूणही करत नाही.

त्याऐवजी तो 'न्यू यॉर्क पोस्ट'मधली एक बातमी रोज वाचतो. एक गरोदर बाई बेशुद्धावस्थेत आहे, पोटातलं बाळ जिवंत आहे, आणि वर्तमानपत्र त्या बाळाचा मथळा रोज चालवतं आहे. आई उत्तर देत नाही आणि मूल बाहेर यायला तयार नाही, अशी ती बातमी. कादंबरीत हे काम चोख करतं. सिनेमात त्या बाळाचं एक स्वप्नदृश्य घातलं आहे, ते आज पाहताना हसू येतं. असे अडखळण्याचे प्रसंग या सिनेमात बरेच आहेत, आणि त्याला त्याच्या जन्माची कथाही कारण असावी. चित्रीकरण सुरू झालं तेव्हा दिग्दर्शिका जॉइस चोप्रा होत्या. त्यांना मध्येच काढलं आणि जेम्स ब्रिजेस आले. दिग्दर्शकांचा संप होणार अशी हवा होती, म्हणून सगळं घाईत उरकलं. ब्रिजेस यांनी दिग्दर्शित केलेला हा शेवटचा सिनेमा. छायाचित्रण मात्र गॉर्डन विलिस यांचं. 'गॉडफादर'मधला अंधार आणि वुडी ॲलनच्या 'मॅनहॅटन'मधलं काळंपांढरं देखणं शहर ज्यांनी टिपलं तेच हे. इथे त्यांचं शहर देखणं नाही. रात्र लखलखते आणि सकाळ आजारी दिसते.

काळही उलटला होता. कादंबरी आली तेव्हा वॉल स्ट्रीटवर पैशाला पूर आला होता. सिनेमा लागला तेव्हा १९ ऑक्टोबर १९८७चा सोमवार होऊन गेला होता. त्या एका दिवसात डाऊ जोन्स निर्देशांक २२.६ टक्के कोसळला. एड्सने शहरातली तरुण माणसं नेली होती. संपलेल्या पार्टीची गोष्ट पाहायला तिकीट कोण काढणार? सुमारे अडीच कोटी डॉलर खर्चून केलेल्या सिनेमाने अमेरिकेत १ कोटी ६० लाखांच्या आसपास कमावले.

शहरात उधळलेला आणि घरातल्या मरणाने हादरलेला तरुण म्हटला की मराठी वाचकाला 'कोसला'तला पांडुरंग सांगवीकर आठवणारच. पुण्यात बापाचे पैसे उडवणं आणि धाकट्या बहिणीचं, मनीचं मरण नेमाड्यांनी १९६३ सालीच एका कादंबरीत आणलं होतं. पण पांडुरंग मनीबद्दल बोलतो, चिडतो, भांडतो, आणि त्याला परतायला सांगवी आहे. जेमी गप्प आहे. आईच्या अस्थी विसर्जित करायच्या म्हणून धाकटा भाऊ मायकेल त्याला शोधत न्यू यॉर्कला येतो, तर हा रस्त्यात भावाला पाहून पळ काढतो. मला सिनेमातला सगळ्यात भयानक प्रसंग तोच वाटतो. कोकेनची दृश्यं त्यापुढे काहीच नाहीत.

इथे आपण म्हणू शकतो, बघा, आपल्याकडे असं होत नाही. सुतक आहे, दहावा आहे, तेरावा आहे, वर्षश्राद्ध आहे. मी हे इतक्या सहज म्हणणार नाही. माझी आई गेली तेव्हा ते सगळे दिवस मी धावपळीत काढले. गुरुजींची यादी, मृत्यूच्या दाखल्याच्या प्रती, बँक, तेराव्याला पानं किती आणि गोड काय करायचं. लोक म्हणत होते, किती धीराने घेतलं. धीर कसला, वेळच नव्हता. एका पार्टीतून दुसरीकडे जाणारा जेमी आणि केटररकडून बँकेत जाणारा मी, यांत त्या दिवसांपुरता मला फार फरक दिसत नाही.

फरक पडला तो दहाव्याला. पुण्यात ओंकारेश्वराजवळच्या घाटावर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. मग सुरू झालं. मामा म्हणाले, "अरे, धाकट्याच्या लग्नाचं म्हण." मावशी म्हणाली, "तिच्या बांगड्या कोणाला द्यायच्या ते सांग तिला." मी हात जोडून एकेक मोठ्याने म्हणत गेलो: धाकट्याचं बघीन, बांगड्या ताईला देईन, बाबांना एकटं ठेवणार नाही. कावळे समोरच्या भिंतीवर बसून होते. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला आणि आम्ही घरी आलो. कावळ्यावर माझा तेव्हाही विश्वास नव्हता, आजही नाही. पण चारचौघांत, उघड्यावर, मेलेल्या आईशी मोठ्याने बोलायला मला कोणीतरी भाग पाडलं होतं. त्यासाठी विश्वास लागला नाही. फक्त मामा आणि मावशी लागले.

जेमीला कोणी तसं भाग पाडत नाही. टॅड त्याला आणखी एका ठिकाणी नेतो, ऑफिस त्याला काढून टाकतं, आणि मोठ्या शहराच्या रीतीप्रमाणे खाजगी बाबतीत कोणी नाक खुपसत नाही. मेगन नावाची एक सहकारी तेवढी घरी नेऊन जेवू घालायला पाहते. आता मुंबई-पुण्यातही तीच रीत येते आहे. तीन दिवसांत सगळं उरकून मुलगा परत विमानात बसतो, गटावर हात जोडल्याच्या चिन्हांची रांग लागते, आणि सोमवारी ऑफिसात कोणी विषय काढत नाही, कारण त्याला वाईट वाटेल. त्याला वाईट वाटलेलंच असतं. ते काढायला जागा मिळत नाही, इतकंच.

सिनेमात ती जागा जेमीला शेवटाकडे मिळते. आईच्या अखेरच्या दिवसांतला बिछान्याजवळचा प्रसंग येतो. आईचं काम डायॅन वीस्टने केलं आहे. 'हॅना अँड हर सिस्टर्स'साठी १९८७मध्ये तिला ऑस्कर मिळून फार दिवस झाले नव्हते. वयाने ती फॉक्सपेक्षा जेमतेम तेरा वर्षांनी मोठी, पण पाहताना ते हिशेब सुचत नाहीत. मरणाच्या दारात असलेली ही बाई मुलाला उपदेश करत नाही. एरवी आया विचारणार नाहीत ते त्याच्या आयुष्याबद्दल विचारते, आणि तो खरं सांगतो. सबंध सिनेमात न लपवता बोललेला असा त्याचा हाच प्रसंग. तो पाहिल्यावर आधीचा सगळा धिंगाणा नव्याने कळतो: ज्या माणसाशी खरं बोलता येत होतं तेच गेलं, मग उरलेल्यांशी काहीही बोललं तरी चालतं. पुढे एका पार्टीतून तो विकीला फोन करून आईबद्दल सांगतो. पहाटे रस्त्यावर पावाचा वास येतो, घरी आई पाव भाजायची ते आठवतं, आणि बेकरीच्या माणसाला काळा चष्मा देऊन तो पाव घेतो. हा शेवट काही जणांना भाबडा वाटला. मला तो बेताचा वाटतो. तो सुधारला असं कुठेही म्हटलेलं नाही. त्याला भूक लागली, एवढंच दाखवलं आहे.

सिनेमा थोर नाही. संवाद मध्ये मध्ये पुस्तकी होतात, टॅडचा विनोद जुना झाला आहे, आणि शक्य असेल तर कादंबरी आधी वाचावी हे मी कोणालाही सांगेन. पण पाहायला बसलात आणि तासाभरात त्या पोराचा कंटाळा आला, तर बंद करू नका. डायॅन वीस्ट अजून यायची आहे.