आधीच मारलेल्या फुल्या

रविवार, रात्र. जुन्या लॅपटॉपवर डेबियन १२ टाकायला घेतलं. रॅम अवघी २ जीबी. निळ्या पडद्यावर निवडीची यादी आली. डेस्कटॉप आणि ग्नोमपुढे आधीच फुल्या मारलेल्या. स्पेसबार दाबून दोन्ही काढल्या. एसएसएच निवडलं, नेहमीची साधनं ठेवली, बाकी सगळं कोरं.

मला हा क्षण फार आवडतो. भांडारात ६४ हजारांहून जास्त पॅकेजेस, आणि या यंत्रात कोण राहायला येणार ते मी ठरवणार. घाईत सगळंच घेतलं की कुठली सेवा कशासाठी चालू आहे तेच पुढे कळेनासं होतं. अपडेटचा पसारा वाढतो तो वेगळाच.

मग एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप घेतला, शिफारशीतलं काही नको असं पॅकेजेस आणणाऱ्या ॲप्टला बजावून. एरवी ते सगळं आपणहून ओढून आणतं. ब्राउझरही घेतला. मराठी पान उघडलं तर अक्षरांच्या जागी नुसते रिकामे चौकोन! देवनागरीचा फाँटच नव्हता. काटछाट करताना आपली लिपीच बाहेर राहिली, हे मनाला लागलं. लगेच लोहित देवनागरी घेतला, ब्राउझर बंद करून पुन्हा उघडला. पहिल्याच ओळीत ‘ळ’ दिसला, दोन्ही गाठी नीट गोल. कितीतरी वेळ त्याच्याकडेच बघत बसलो.